राजारामपुरी: अभ्यासिकेत संध्याकाळी वायफाय अडखळतं. कॅमेरे, हजेरी मशीन आणि मुलांचे फोन एकाच नेटवर्कवर आहेत, काय करावं?

अभ्यासिका_राजारामपुरी

नमस्कार मंडळी. स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका आहे. तळमजल्यावर बेकरी, वरचे दोन मजले आमचे. प्रत्येक हॉल साधारण ४० बाय २५ फूट, मध्ये आरसीसी स्लॅब, भिंतींच्या कडेनं पत्र्याचे लॉकर. दोन्ही मजले मिळून ७० मुलं बसतात.

फायबरचं २०० एमबीपीएस कनेक्शन आहे. कंपनीनं दिलेला बॉक्स पहिल्या मजल्यावर काउंटरपाशी, त्याचंही वायफाय चालू आहे. त्याला जोडून आमचा ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींवर चालणारा) राऊटर, आणि दुसऱ्या मजल्यावर जिन्याजवळ रिपीटर. वायफायवर सहा कॅमेरे, बोटाच्या ठशाचं हजेरी मशीन, एक प्रिंटर आणि मुलांचे फोन-लॅपटॉप. कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर मात्र राऊटरला वायरनं जोडलेला आहे.

सकाळी सगळं सुरळीत चालतं. संध्याकाळी सहानंतर व्हिडिओ लेक्चर अडकत अडकत चालतं, वरच्या मजल्यावरचे कॅमेरे ऑफलाइन जातात, हजेरीचा डेटा पुढं जात नाही. दुकानदार म्हणतात मोठ्या ताकदीचा राऊटर घ्या, लाइनवाले म्हणतात ३०० चा प्लॅन घ्या. खर्चाची तयारी आहे, फक्त तो योग्य जागी व्हावा. आजूबाजूच्या इमारतींचे वायफाय ढिगानं दिसतात, त्यांचा किती त्रास होत असेल?

वायरमन_शाहूपुरी

अजून काहीही विकत घेऊ नका. आधी दोष लाइनचा आहे की हवेतला, एवढं ठरवा.

संध्याकाळच्या गर्दीत लॅपटॉप वायरनं राऊटरला लावा आणि दोन पिंग (हाक देऊन उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं) चालू ठेवा, एक राऊटरलाच म्हणजे १९२.१६८.१.१ ला (तुमचा पत्ता वेगळा असेल तर तो), दुसरा ८.८.८.८ ला (हा गुगलचा सर्व्हर, म्हणजे बाहेरचं इंटरनेट). पाच मिनिटं चालू द्या. मग वायर काढून त्याच टेबलावरून वायफायवर तेच करा. वायरवर राऊटरचा पिंग १ मिलिसेकंदाच्या आसपास असतो. वायफायवर १० च्या आत असेल तर ठीक. वायरवरच ८.८.८.८ चा पिंग उड्या मारत असेल तर लाइनवाल्याला फोन करा, इथलं पुढचं वाचायची गरज नाही. पण राऊटरपर्यंतचाच पिंग वायफायवर शंभरच्या वर जात असेल, तर प्लॅन ३०० चा घ्या नाहीतर १००० चा, फरक पडणार नाही.

मग अँड्रॉइड फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर टाका. अँड्रॉइड ९ पासून अ‍ॅपला दोन मिनिटांत चारच स्कॅन करता येतात, त्यामुळं आलेख शिळा दिसतो. अँड्रॉइड १० किंवा पुढचा फोन असेल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन वायफाय स्कॅन थ्रॉटलिंग बंद करा. आयफोन असेल तर एअरपोर्ट युटिलिटी घ्या आणि सेटिंग्जमध्ये तिचं वायफाय स्कॅनर चालू करा.

कुठल्या चॅनलवर (वायफायच्या पट्ट्यातली एकेक गल्ली) किती नेटवर्क, त्यातलं सगळ्यात जोराचं किती डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक), आणि प्रत्येक कॅमेऱ्याशेजारी उभं राहून तुमच्या नेटवर्कचा सिग्नल किती, हे लिहून इथं टाका. आकडा उणे असतो. −६७ किंवा त्याहून चांगला असेल तर काम नीट होतं, −७५ ला ओढाताण सुरू होते, −८० ला जोडलेलं दिसतं पण चालत नाही. १० डीबीचा फरक म्हणजे ताकदीत दहापट फरक, म्हणून −७० आणि −८० शेजारी शेजारी समजू नका.

अभ्यासिका_राजारामपुरी

धन्यवाद. संध्याकाळी सातचं मोजमाप देतो.

वायरवर राऊटर १ मिलिसेकंद, ८.८.८.८ स्थिर. वायफायवर राऊटरचा पिंग १८० ते ४००, आणि शंभरातले आठेक पॅकेट (डेटाचे तुकडे) गायब. म्हणजे लाइन चांगली आहे.

२.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १ ला ९ नेटवर्क, जोराचं −७१. चॅनल ६ ला १४, जोराचं −५८, शिवाय आमचा कंपनीचा बॉक्सही ६ वरच. चॅनल ११ ला ७, जोराचं −७४. बाकी ४, ८, ९ वर तुरळक. आमचा राऊटर ऑटोमध्ये असून ३ वर बसलाय, रुंदी ४० मेगाहर्ट्झ दिसते. रिपीटरही ३ वरच. पहिल्या मजल्यावरच्या कॅमेऱ्यांपाशी −५५ ते −६८. वरच्या तीन कॅमेऱ्यांपाशी रिपीटरचा सिग्नल −७२, −७६, −७९. ५ गिगाहर्ट्झवर शेजारी फारच कमी आहेत, तीन-चार.

यादीतले बरेच नेटवर्क म्हणजे मुलांच्याच फोनचे हॉटस्पॉट आहेत, हे आज ध्यानात आलं.

वायरमन_शाहूपुरी

दुखणं सापडलं. एकेक बघूया.

एका चॅनलवर एका वेळी एकालाच बोलता येतं. बाकीचे ऐकतात, शांतता झाली की आपली पाळी घेतात. म्हणून प्रश्न किती एमबीपीएस हा नसून कोण किती वेळ हवा अडवून बसतो हा आहे.

चॅनल ३ ही सगळ्यात वाईट जागा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये दोन चॅनलमधलं अंतर ५ मेगाहर्ट्झ, पण सिग्नलची रुंदी किमान २०. त्यामुळं एकमेकांत न घुसणारे तीनच उरतात: १, ६ आणि ११. तुमचा राऊटर ३ वर ४० मेगाहर्ट्झनं चालतोय म्हणजे ३ आणि ७ मिळून २४१२ ते २४५२ मेगाहर्ट्झ त्यानं व्यापलंय. १ वरचे ९ आणि ६ वरचे १४, दोन्ही गल्ल्यांचा त्रास तुम्ही अंगावर घेतलाय, आणि त्यांनाही देताय.

बरेच जण इथं फसतात. शेजारी ज्या चॅनलवर आहे तो टाळून मधला चॅनल धरावा असं वाटतं, पण होतं उलट. शेजारी नेमका तुमच्याच चॅनलवर असेल तर तुमच्या राऊटरला त्याच्या पॅकेटची सुरुवात ओळखता येते आणि तो −८२ डीबीएम इतका क्षीण आवाज ऐकूनसुद्धा थांबतो. दोघं पाळीपाळीनं बोलतात, वेग वाटला जातो, पण पॅकेट शाबूत राहतं. शेजारी अर्धवट वर चढलेला असेल तर त्याचं पॅकेट वाचता येत नाही, ते निव्वळ गोंगाट ठरतं. आणि गोंगाट ऐकून थांबायची मर्यादा −६२ आहे. म्हणजे −७० चा अर्धवट शेजारी असताना तुमचा राऊटर थांबतच नाही, त्याच्या आवाजावर बोलतो, दोघांचीही पॅकेट फुटतात आणि परत पाठवावी लागतात. तुमची गायब झालेली आठ पॅकेट बहुतेक अशीच गेली.

आता कॅमेरे. ४ एमबीपीएसचा कॅमेरा किरकोळ वाटतो. पण −७९ वर बसलेला कॅमेरा १३ एमबीपीएसच्या लिंकवर बोलत असेल तर त्यातले प्रत्यक्षात आठेक हाती लागतात. म्हणजे एकटा कॅमेरा हवेचा अर्धा वेळ खातो. तो रिपीटरमधून जातो, रिपीटर तेच पॅकेट त्याच चॅनलवर खालच्या राऊटरला पुन्हा ऐकवतो, झाला दुप्पट. वरचा एक कॅमेरा अख्खा चॅनल भरून टाकू शकतो, तुमचे तीन आहेत. जागचे न हलणारे यंत्र वायफायवर ठेवायचंच नाही, हा माझा कायमचा आग्रह आहे.

क्रम असा धरा. आज रात्री फुकटात होणारं करा: कंपनीच्या बॉक्सचं वायफाय बंद, राऊटर चॅनल ११ वर हातानं पक्का, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ऑटो ठेवू नका. गल्लीत लाइट जाऊन आली की सगळ्यांचे राऊटर एकदम उठतात, प्रत्येक जण अर्धवट चित्र बघून चॅनल निवडतो आणि तिथंच चिकटतो. तुमच्या बॉक्सला आणि राऊटरला १२ व्होल्टचे छोटे यूपीएस लावा. कॅमेऱ्यांचा व्हिडिओ एच.२६५ वर (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत), १०८०पी, १५ फ्रेम, २ एमबीपीएस करा, एवढ्यात चेहरे नीट दिसतात.

नंतर खर्चाचं: रिपीटर काढा. दोन्ही मजल्यांवर छताला वायफाय देणारा एकेक अ‍ॅक्सेस पॉइंट, दोन्ही वायरनं स्विचला (नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडणारा डबा). लॉकरच्या वर ठेवू नका, पत्रा सिग्नल परतवतो. हॉलच्या मध्यावर, पण दोन्ही एकाखाली एक नकोत. खालचा रस्त्याच्या बाजूला, वरचा जिन्याच्या बाजूला सरकवा. खाली २.४ वर चॅनल ११, वर चॅनल १. ५ गिगाहर्ट्झवर खाली ३६, वर १४९, रुंदी ४०. तुमच्याकडं शेजारी कमी असले तरी ८० कडं जाऊ नका. ७० मुलांना एका मुलाचा जास्तीत जास्त वेग नको आहे, सगळ्यांना थोडा थोडा हवा आहे.

५२ ते १४४ हे चॅनलही आपल्याकडं २०१८ पासून विनापरवाना खुले आहेत, पण ते रडारसोबत वाटून घ्यायचे. राऊटर सुरू झाल्यावर निदान ६० सेकंद गप्प ऐकत बसतो, आणि मध्येच रडारसारखं काही ऐकलं तर चॅनल सोडून पळतो, सगळी मुलं एकदम तुटतात. अभ्यासिकेत ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ पुरेसे आहेत.

मोठ्या ताकदीच्या राऊटरचं म्हणाल तर नकोच. राऊटर ओरडला म्हणून फोनचा आवाज वाढत नाही. मुलाच्या फोनवर पाच काड्या दिसतील पण त्याचं उत्तर राऊटरला ऐकू येणार नाही. २.४ ची ताकद उलट १४ डीबीएमपर्यंत कमी करा, म्हणजे २५ मिलिवॅट. २० डीबीएम म्हणजे १०० मिलिवॅट होतात, त्याची या हॉलला गरज नाही.

स्मार्टघर_नागाळा_पार्क

वरच्यांशी सहमत, एक भर. कॅमेऱ्यांना वेगळं वायफाय नाव दिलं की इंटरफेरन्स (सिग्नलचा एकमेकांना अडथळा) कमी होतो असं पुष्कळ जण सांगतील. नाव वेगळं झालं तरी हवा तीच. उलट प्रत्येक नावामागं राऊटर दर १०२.४ मिलिसेकंदाला एक बीकन ('मी इथं आहे' अशी हाक) पाठवतो, आणि तो सगळ्यात कमी वेगानं. १ एमबीपीएसवर अडीचशे बाइटचा बीकन साधारण २.२ मिलिसेकंद खातो, म्हणजे एका नावाला हवेचा २ टक्के वेळ. एका चॅनलवर वीस नावं झाली की चाळीस टक्के वेळ कुणी काही न पाठवताच संपला. मुलांचे हॉटस्पॉट म्हणूनच महाग पडतात. दोन नावं ठेवा, एक मुलांना, एक ऑफिसला. बस.

यूएसबी ३ विसरू नका. त्याच्या ५ गिगाबिट सिग्नलचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो, इंटेलनं २०१२ साली त्यावर सविस्तर कागद काढला होता. लॅपटॉपच्या निळ्या पोर्टात बाहेरची हार्ड डिस्क आणि शेजारच्या पोर्टात वायरलेस माऊसचा डोंगल असेल तर माऊस अडखळतो, त्याच लॅपटॉपचं २.४ चं वायफायही मंदावतं. डोंगल दोन-तीन फुटांच्या यूएसबी २ एक्स्टेंशनवर लांब घ्या, किंवा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्या. राऊटरच्या मागच्या यूएसबी ३ पोर्टात पेनड्राइव्ह खोचला असेल तर तो आधी काढा.

बेकरीत मायक्रोवेव्ह आहे का बघा. तो २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास गळतो, आणि घरगुती ओव्हन ५० हर्ट्झच्या विजेवर अर्धा वेळच फेकतो: दहा मिलिसेकंद चालू, दहा बंद. म्हणून वायफाय पूर्ण मरत नाही, चावत चावत चालतं. चॅनल ६ चा वरचा भाग आणि ११ ला जास्त झळ. ओव्हन चालू असताना पिंग बघितला की खात्री होते. तसं निघालं तर खालच्या मजल्यावर १ आणि वर ११ अशी अदलाबदल करा.

ब्लूटूथ इअरफोनला मात्र दोष देऊ नका. २००३ पासून ब्लूटूथ गजबजलेल्या जागा टाळून उड्या मारतं. तुम्ही २.४ वर २० मेगाहर्ट्झमध्ये राहिलात की त्यालाही मोकळी जागा मिळते.

पेठेतला_मावळा

हॉटस्पॉटसाठी जॅमर बसवला तर चालेल का? ऑनलाइन मिळतात म्हणे.

वायरमन_शाहूपुरी

अजिबात नाही भावा. खासगी माणसाला जॅमर लावायला परवानगीच नाही, बेकायदेशीर आहे. शिवाय तो तुमचंही वायफाय मारेल आणि कुणाचा महत्त्वाचा फोनही अडकवेल. ५ गिगाहर्ट्झ नीट चाललं की मुलं हॉटस्पॉट आपणहून बंद करतात. ज्याला हवाच आहे त्याला सांगा, हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झ निवड, नाहीतर केबलनं यूएसबी टिथरिंग कर. फळ्यावर दोन ओळी लिहून ठेवा.

उद्यमनगर_इलेक्ट्रिकल

वायरिंगचं मी सांगतो, कारण काम तिथंच बिघडतं.

कॅट ६ घ्या, पण शुद्ध तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, तिच्यावर पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणं) लावलं की व्होल्टेज पडतं आणि रात्री कॅमेऱ्याचे आयआर (अंधारात बघायचे इन्फ्रारेड) दिवे लागले की कॅमेरा रीस्टार्ट होत राहतो. टोक चाकूनं खरवडून बघा, आतून चांदीसारखं निघालं तर परत करा. एका तुकड्याची मर्यादा १०० मीटर, तुमच्याकडं ४० सुद्धा लागणार नाहीत. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. लाइटच्या वायरपासून फूटभर अंतर, आणि ओलांडायचीच झाली तर काटकोनात. जिन्याबाहेरून न्यायची असेल तर काळी आउटडोअर केबल, आणि भिंतीत शिरण्याआधी खाली झोळ ठेवा. आपल्याकडचा पाऊस केबलवरून ओघळत सरळ स्विचमध्ये उतरतो.

स्विच पीओई घ्या. हिशोब: सहा कॅमेरे प्रत्येकी ७ वॅट धरून ४२, दोन अ‍ॅक्सेस पॉइंट १३ प्रमाणे २६, झाले ६८. म्हणून एकूण ९० वॅटच्या खालचा नको. वायफाय ६ चे काही अ‍ॅक्सेस पॉइंट ८०२.३एटी म्हणजे ३० वॅटचा पोर्ट मागतात, खोक्यावर वाचून घ्या.

सध्याचे कॅमेरे टाकून देऊ नका. बऱ्याच वायफाय कॅमेऱ्यांना मागं लॅनचा पोर्ट असतो, पीओई नसतं. तिथं पीओई स्प्लिटर लावायचा. कॅमेरा १२ व्होल्टचा की ५ चा हे अ‍ॅडॅप्टरवर बघा, चुकीचा लावला तर कॅमेरा जळतो.

हजेरी मशीन जुनं असेल तर जपून. अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये ८०२.११बी (वायफायची जुनी, संथ पद्धत) बंद करून किमान वेग ६ एमबीपीएस केला की बीकनचा वेळ २.२ वरून ०.३५ मिलिसेकंदावर येतो, हे करायलाच हवं. पण एखादं जुनं मशीन मग नेटवर्क बघेनासं होतं. त्यालाही लॅन पोर्ट असेलच, वायर द्या आणि विषय मिटवा. वायरची सोय नसेल तर खालच्या मजल्यावर साधं डब्ल्यूपीए२ (वायफायच्या पासवर्ड-सुरक्षेची जुनी पद्धत) ठेवा, डब्ल्यूपीए३ ला अशी मशीनं जुळत नाहीत.

वेल्डिंग आणि मोटारींचा वायफायला त्रास होतो का असं आमच्या भागात नेहमी विचारतात. ठिणगीचा गोंगाट खालच्या फ्रिक्वेन्सीत जास्त, २.४ गिगाहर्ट्झपर्यंत फार थोडा पोचतो. तिथं खरा त्रास व्होल्टेज पडून स्विच रीस्टार्ट होण्याचा असतो. तुमच्याकडं बेकरीचा मोठा मिक्सर त्याच फेजवर असेल तर स्विच यूपीएसवरच ठेवा.

अभ्यासिका_राजारामपुरी

सगळं केलं. कॅमेरे, मशीन, प्रिंटर वायरवर. रिपीटर काढला. बेकरीत मायक्रोवेव्ह आहे, त्यामुळं खाली १ आणि वर ११ ठेवलं. संध्याकाळी सातला राऊटरचा पिंग ५ गिगाहर्ट्झवर ३ ते ८, २.४ वर १२ ते २५. कॅमेरे एकदाही गेले नाहीत.

दोन गोष्टी राहिल्यात. जिना चढून वर आलेली मुलं खालच्याच अ‍ॅक्सेस पॉइंटला चिकटून राहतात, −७८ वर. आणि आठवड्याच्या शेवटी काही फोनना "आयपी पत्ता मिळत नाही" असं येतं. हाही इंटरफेरन्सच का?

वायरमन_शाहूपुरी

पहिलं हवेचं, दुसरं नाही.

कुठल्या अ‍ॅक्सेस पॉइंटला जायचं हे फोन ठरवतो, आपण फक्त ढकलू शकतो. सेटिंगमध्ये किमान सिग्नलचा पर्याय असतो, तो −७५ करा. त्याखाली गेलेल्या फोनला अ‍ॅक्सेस पॉइंट सोडून देतो आणि तो वरच्याला जोडला जातो. −७० करू नका, कोपऱ्यातली मुलं उगाच तुटत राहतील. ५ गिगाहर्ट्झची ताकद २.४ पेक्षा ६ डीबीनं जास्त ठेवा, २.४ ला १४ तर ५ ला २०, म्हणजे फोन आपणहून ५ ला जातील. वरच्या मजल्यावर २.४ ची गरज असलेलं काही उरलं नसेल तर ते तिथं बंदच करा.

दुसरं डीएचसीपीचं, म्हणजे राऊटर फोनना आयपी पत्ते वाटतो त्याचं आहे. राऊटर बहुधा १०० च पत्ते वाटतोय आणि प्रत्येक पत्ता २४ तास अडवून ठेवतोय. ७० मुलं, प्रत्येकाचा फोन आणि लॅपटॉप, वर पाहुणे. लीज (पत्ता अडवून ठेवायची मुदत) २ तासांवर आणा आणि श्रेणी १९२.१६८.१.२० ते १९२.१६८.१.२५० करा. कॅमेरे, रेकॉर्डर, मशीन आणि प्रिंटर यांना २ ते १९ मधले पत्ते पक्के द्या.

अभ्यासिका_राजारामपुरी

लीज २४ तासच होती, श्रेणी १०० ते १९९. दोन्ही बदललं. वरचं २.४ आज रात्री बंद करतो. कुणाचा जुना फोन अडला तर इथंच विचारेन.

स्मार्टघर_नागाळा_पार्क

बंद करण्याआधी अ‍ॅक्सेस पॉइंटच्या यादीत वरच्या २.४ ला कोण कोण जोडलंय ते संध्याकाळी एकदा बघा. दोन-तीन फोन फक्त २.४ चे निघाले तर ते चालूच राहू द्या, ताकद ११ डीबीएमवर आणा.